विचारणारा : निरंक

दिवा जरा इकडे सरकवा, म्हणजे तुमचं तोंड दिसेल. लाइन गेली की ती कधी येईल हे शहापुरात कोणी विचारत नाही. विचारून आजवर कोणाला उत्तर मिळालंय? चहा कोराच घ्यावा लागेल. दूध आणायला निघालो होतो, तेवढ्यात तुम्ही दारात.

गंमत अशी की हे सगळं सुरू झालं तेही दुधावरूनच. त्या दिवशी पिशवी घेऊन हायवेच्या कडेने परत येत होतो. शेजारच्या बाबूलालची स्वाती ओसरीवर मांडीवर संगणक घेऊन बसली होती. नागपूरच्या एका कंपनीसाठी ती घरून काम करते. दिवसभर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं मारत असते. बाबूलालला वाटतं, पोरगी परीक्षेचा अभ्यास करते.

"काका, एक अडचण हाय," ती म्हणाली. "तुम्ही ऑफिसात होते ना?"

"होतो. काम करत होतो की नाही, ते विचारू नको."

तिने सांगितलं ते असं. एका संस्थेला खेड्यांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी सोय करायची होती. प्रत्येकाच्या घरी एक डबी. डबीवर एक बटण आणि हिरवा दिवा. मुलं असतात पुण्याला, हैदराबादला. त्यांनी फोनवरून बापाची खुशाली विचारली की इकडे डबीचा दिवा लागतो. बापाने बटण दाबलं की तिकडे शब्द उमटतो : 'आहो'. आपल्याकडे माणूस 'मी आहो' असंच म्हणतो, म्हणून स्वातीने तोच शब्द ठेवला. पुढे पुण्याच्या एका सुनेने तक्रार केली की हे 'अहो' चुकीचं लिहिलंय, आणि सासूबाई आपल्याला अहो कशाला म्हणतात?

"आणि मधे तू काय करतेस?"

"मधे कंट्रोलर असतो काका. सर्व्हरवर. मी तोच लिहून राहिली."

हा कंट्रोलर म्हणजे काय, ते मला दोन वाक्यांत कळलं आणि तीस वर्षांची नोकरी डोळ्यांपुढून गेली. तो खिडकीवरचा बाबू आहे. बाहेरून प्रश्न येतो. विचारणारा कोण, त्याला विचारायचा हक्क आहे का, कोणाबद्दल विचारतोय, हे तो बघतो. मग आत दप्तरात जातो, नोंद काढतो आणि खिडकीतून उत्तर देतो. फरक एवढाच की तो जेवायच्या सुट्टीला जात नाही. माणूस दप्तरातच नसला, तर 'असा कोणी नाही'. विचारणाऱ्याला हक्क नसला, तर 'परवानगी नाही'. बटण दाबलं असलं, तर 'आहो'.

"पण माणूस हाय, आणि त्यानं बटणच दाबलं नाही, तं काय सांगू?" स्वाती म्हणाली. "रिकामं सोडलं तं पोरं घाबरतात. 'माहिती नाही' लिहिलं तं अजून घाबरतात."

"निरंक लिही."

"ते काय असते?"

मला तिची दया आली. निरंक म्हणजे काय हे ज्या पिढीला ठाऊक नाही, तिच्या हाती देशाचा कारभार जाणार! आमच्या कचेरीत कुठलाही रकाना रिकामा सोडता येत नसे. रिकामा रकाना म्हणजे बाबूने काम केलं नाही. निरंक म्हणजे काम केलं, फक्त निघालं काही नाही. कार्यालयाच्या आवारातील मोकाट जनावरे, या मथळ्याखाली मी दर महिन्याला निरंक लिहीत असे. साहेब समोर बसलेले असतानाही.

"मस्त शब्द हाय," स्वाती म्हणाली आणि तिथल्या तिथे तो टाकून मोकळी झाली.

तिथून मी त्या कामात अडकलो. संस्थेला गावोगाव जाऊन म्हाताऱ्यांची नावं नोंदवणारा आणि संध्याकाळी ज्यांच्यापुढे निरंक आलं त्यांना फोन करणारा माणूस हवा होता. मी हो म्हटलं. बायको, शेवंताबाई, गेल्यापासून माझी संध्याकाळ घराच्या भिंतींशी बोलण्यात जात होती, आणि भिंती माझ्या विनोदांना हसत नसत.

आंधळगावला पंचफुलाबाई भेटली. मागावर साड्या विणून हयात गेलेली बाई. नवरा नाही, मूल झालं नाही. ओसरीवर अजून माग उभा होता. नजर अंधुक झाल्याने हात थांबले होते, पण रोज सकाळी ती फडक्याने त्याची धूळ पुसायची.

"तुमची खुशाली कोण विचारणार?" मी विचारलं. तो रकाना होता.

"कोणी नाही जी, बाबू."

"भाऊ, पुतण्या, भाचा?"

"भाऊ नागपूरले रायते. त्याले माहं नाव सांगा, म्हणन कोण पंचफुला? लिहा ना, कोणी नाही."

कोणी नाही, असं लिहिता येत नाही. मी लिहिलं : निरंक. विचारणाऱ्याच्या फोन नंबराच्या जागीही, निरंक. गावाबाहेर तळ्याच्या, बोडीच्या, पाळीजवळ मंगरू म्हणून म्हातारा राहायचा, लोकांचं धान राखणारा. त्याचंही तेच. मग एक डबी स्वातीने माझ्या घरीही बसवली, चाचणीसाठी म्हणे. मी मुलाला, निकेशला, बंगलोरला फोन केला, विचारणारा म्हणून तुझं नाव टाकू का? तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला काही झालं तर कळेलच की." खरं होतं. कळेलच. मी माझ्या नावापुढेही निरंक लिहिलं, सवयीने, सुवाच्य अक्षरात.

डबी स्वयंपाकघरात लावली, शेवंताबाई सांजवात लावायची त्या फळीवर. तिथे प्लग होता म्हणून.

दिवाळी झाली. धान कापून झालं, शेतांत पेंढ्यांचे पुंजणे उभे राहिले. अशा दिवसांत आपल्याकडे संध्याकाळ लवकर पडते आणि पडली की उठत नाही. मी रोज दिवेलागणीला संगणक उघडून बसायचो. कंट्रोलरने दिवसभर काय केलं ते त्यावर ओळीने उतरत असे. विचारणारा कोण, कोणाबद्दल, उत्तर काय. हैदराबादहून खुशबू आईबद्दल विचारते : आहो. पुण्याहून कुंदन बापाबद्दल विचारतो : आहो. दुसऱ्यांच्या पोरांना दुसऱ्यांच्या बापांची आठवण येताना बघणं, हा करमणुकीचा प्रकार फारसा चांगला नाही, पण फुकट आहे.

एका संध्याकाळी ओळ उतरली :

विचारणारा : निरंक. कोणाबद्दल : मंगरू. उत्तर : आहो.

मी एकटाच मोठ्याने हसलो. शेजारी जाऊन स्वातीला सांगितलं. ती हसली नाही.

"काका, तुम्ही नावाच्या जागी निरंक लिहिलं? मशीनले काय कळते! तिनं त्या नावाचा माणूस बनवून टाकला. आता ज्याच्या ज्याच्यापुढे तुम्ही निरंक लिहिलं, त्या सगळ्यांची खुशाली विचारायचा हक्क त्याले भेटला."

"मग झालं तर. कोणालाच कोणी नव्हतं, आता सगळ्यांना एकच आहे."

"पण काका, हक्क भेटला म्हणून काय झालं? विचारायले फोन पाहिजे ना. नंबर काय लिहिला?"

"निरंक."

"मंग विचारून कोण राहिला?"

तिने ती ओळ उघडून पाहिली. प्रत्येक प्रश्नासोबत तो कुठून निघाला याचा पत्ता येतो म्हणे. इथे पत्त्याची जागा कोरी होती. चूक असेल, बघते, म्हणाली. दुसऱ्या दिवशी कंपनीने तिला नागपूरला बोलावून घेतलं.

मंगरूचा फोन आला. आवाज पोरासारखा झाला होता. "बाबूसाहेब, माहा दिवा लागला जी! रोज लागून राहिला. कोण विचारते?"

काय सांगणार? "आहे एक जण," मी म्हटलं.

"सांगा त्याले, मंगरू आहो म्हणा. मजेत आहो."

दहा-बारा दिवस हे चाललं. तशीच ओळ पंचफुलाबाईचीही येऊ लागली. मग एका संध्याकाळी ओळ आली : विचारणारा : निरंक. कोणाबद्दल : मंगरू. उत्तर : निरंक. मी फोन लावला. वाजत राहिला. म्हातारा पाळीवर गेला असेल, बटण दाबायचं राहिलं असेल, असं स्वतःला समजावलं. सकाळी लोकांना तो खाटेवर सापडला. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. वय झालं होतं, सगळं पटण्यासारखं होतं. फक्त एक गोष्ट लोक आपसात बोलत होते. खाटेवर पडलेल्या मंगरूच्या पायांत चपला होत्या आणि खांद्यावर घडी केलेला दुपट्टा होता. बाहेरून कोणी हाक मारावी आणि माणसाने निघायची तयारी करावी, तसा.

घरी येऊन त्या ओळीसमोर बसलो. मंगरू : निरंक. आणि मला आमच्या कचेरीतलं टपाल आठवलं.

तुम्ही कचेरीत काम केलं नाही, म्हणून सांगतो. टपाल येतं तेव्हा मोठे बाबू प्रत्येक कागदावर एका कारकुनाचं नाव लिहितात. बस, एवढंच. ज्याचं नाव लिहिलं, त्याचा तो कागद. तो येतो आणि उचलून घेऊन जातो. कोणाला विचारावं लागत नाही. आता बघा. निरंकने विचारलं, मंगरूचं काय? आणि आमच्या खिडकीवरच्या बाबूने, मीच शिकवलेल्या बाबूने, मंगरूपुढे नाव लिहून दिलं : निरंक.

मी पाहत होतो तेवढ्यात पुढची ओळ उतरली. विचारणारा : निरंक. कोणाबद्दल : पंचफुलाबाई. उत्तर : आहो. आणि तिच्याखाली, पहिल्यांदाच, माझं नाव. स्वयंपाकघरात हिरवा उजेड पडला.

खरं सांगू? भीती वाटली, पण त्याच्याआधी, क्षणभर, बरं वाटलं. कोणी तरी विचारलं. मी जाऊन बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी नागपूरला स्वातीला फोन लावला. "तो शब्द काढ. त्या नावाचा माणूसही काढ. आजच."

"काका, असं चालू गाडीचं चाक बदलता येत नाही. आधी तपासावं लागते…"

"स्वाती, आज."

माझा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता. "बरं," ती म्हणाली. "सांजेपर्यंत पायते."

मग पंचफुलाबाईला फोन केला. म्हटलं, दिवा लागला की बटण दाबायला विसरू नका.

"आज नाही दाबत जी," ती म्हणाली.

"काहून?"

"रोज इचारते आन् येत नाही. मी आहो म्हणतो, तं त्याले वाटते, आहे बुढी, कायले जावं? आज दाबतच नाही. चूप रायतो. घाबरून पायले तरी येईन ना."

ती हसत होती. नव्या नवरीसारखी हसत होती. मी नको म्हटलं, ओरडलो, ती म्हणाली, "बाबू, तुमाले पोरगा आहे, तुमाले नाही समजत," आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तो उचलला नाही.

स्कूटर काढली. मोहाडीपासून पुढे रस्ता रिकामा झाला. दोन्ही अंगाला धान कापलेल्या बांध्या, त्यांत पुंजणे, झोपड्यांसारखे, पण दार नसलेले. पेटवलेल्या तणसाचा, धानाच्या काडाचा, धूर जमिनीला चिकटून चालला होता. सूर्य बोडीच्या पाण्यात अर्धा बुडाला तेव्हा आंधळगावात शिरलो.

पंचफुलाबाईने अंगणात शेणाचा सडा टाकला होता. स्वतः विणलेली जांभळ्या काठाची साडी नेसली होती. चुलीवर भात शिजत होता. एकटीच्या पातेल्यातला नव्हता. दारात पाट मांडला होता.

"तुमी आले का जी?" तिचा चेहरा उतरला. "मले वाटलं…"

"पंचफुलाबाई, कोणी येणार नाही."

"बसा, चाय घ्या."

"ऐका माझं. तुमची खुशाली विचारणारा कोणी नाही. तुम्ही सांगितलं ना, कोणी नाही, तेच मी लिहिलं. ती माझी लिहायची पद्धत होती. तो माणूस नाही."

एका म्हाताऱ्या बाईला तिच्याच घरात बसून हे सांगणं, याच्यापेक्षा साहेबाला खुलासा लिहिणं सोपं होतं.

"मंग दिवा कोण लावते?"

"कोणीच नाही."

"कोणीच नाही तं येते कसा जी? रोज? बराबर दिवेलागणीले? माहा सख्खा भाऊ एवढ्या नेमानं नाही आला कधी."

तेवढ्यात लाइन गेली. सगळ्या गावाची गेली. मी खिशातून फोन काढला, टावरही गेला होता. चुलीतला जाळ तेवढा उरला, आणि मागाच्या पुसलेल्या लाकडावर त्याची लाली हलत राहिली.

अशा अंधारात पहिल्यांदा वास आला. मला तो ओळखीचा होता. वर्षानुवर्षं न उघडलेल्या दप्तराच्या खोलीचा वास. कोरड्या कागदाचा, वाळवीचा, आणि कोणाची तरी वाट बघून संपलेल्या हवेचा. तो अंगणातून येत होता. तिथे तर ओला सडा होता.

कोनाड्यात डबीचा दिवा लागला.

लाइन नाही, टावर नाही. डबीत बॅटरी असते, मान्य. पण प्रश्न कुठल्या रस्त्याने आला? हिरवा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला.

"आला," ती हळूच म्हणाली.

"दाबा. पंचफुलाबाई, दाबा बटण…"

तिने दाबलं नाही. दाराकडे कान लावला. मला काही ऐकू येत नव्हतं. एवढंच कळत होतं की अंगणातली रातकिड्यांची किरकिर दारापासून लांब लांब हटत चाललीय, गर्दीत कोणा मोठ्या माणसाला वाट द्यावी तशी. मी कोनाड्यापाशी गेलो, बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दिवा विझला नाही. टावर नसताना आमचं 'आहो' कुठे जाणार? आणि तिकडे खिडकीवरचा तो बाबू शिकवल्याप्रमाणे लिहून मोकळा होणार : पंचफुलाबाई, निरंक.

मागे साडी सळसळली. ती उठली होती. जमिनीवर पाय चाचपडत होती.

"चपला कुठं गेल्या माह्या?" ती म्हणाली. "इथंच तं होत्या…"

मी तिचं मनगट धरलं. थंड होतं. आयुष्यात परक्या बाईचा हात पहिल्यांदा धरला असेन, आणि तोही कसा, तर पडत्या बादलीचा दोर धरावा तसा. त्या वेळी मला एकच गोष्ट सुचली, कारकुनाचीच. उत्तर देता येत नसेल तर आधीचा अर्ज बाजूला ठेवायचा आणि त्याच विषयाचा दुसरा अर्ज घ्यायचा. मी दाराकडे तोंड केलं.

"विचारणारा, टेकचंद. राहणार शहापूर." मग तिच्याकडे वळलो. "पंचफुलाबाई, आहात का?"

ती दाराकडेच बघत होती.

"मी विचारतो. उद्याही विचारीन. रोज विचारीन, मरेपर्यंत. पंचफुलाबाई… आहात का?"

चुलीत लाकूड फुटलं. भात करपायला लागला होता.

"येनार बी का?" तिने विचारलं. "का फक्त इचारनार?"

"येईन. मंगळवारी बाजाराला येईन."

मग माझ्या मुठीतलं मनगट सैल झालं.

"आहो जी," ती म्हणाली. "आहो."

दिवा विझला. थोड्या वेळाने रातकिडे परत आले. तिच्या चपला उंबऱ्याबाहेर सापडल्या, टोकं फाटकाकडे करून ठेवलेल्या. ती त्या नेहमी परसात काढत असे.

लाइन येईपर्यंत बसलो. करपलेला भात खाल्ला. खरं सांगतो, शेवंताबाई गेल्यानंतर दुसऱ्या माणसासमोर बसून जेवलेला तो पहिला भात. तिने मला वाटेला लावलं. मोहाडीच्या अलीकडे, अंधारात, मला एकदम आठवलं आणि स्कूटर थांबवली.

माझी डबी. त्या संध्याकाळी मला पण विचारलं गेलं असणार. बटण दाबायला मी घरी नव्हतो.

तिथे रस्त्यावर उभा राहिलो. पुढे घर, ज्यात माझ्या नावापुढे निरंक लिहिलं गेलेलं. मागे परत जायचं तर कुठल्या तोंडाने? शेवटी निघालो. पायांतल्या चपला मात्र काढून स्कूटरच्या डिक्कीत टाकल्या. हसा, हसा. मीही हसलो असतो.

घराचं कुलूप जागेवर होतं. किल्ली माझ्या खिशात. आत सगळं जसंच्या तसं. मी संगणक उघडला. आंधळगावची ओळ नव्हती, मी ज्याला भ्यालो होतो ते 'निरंक'ही नाही. तिच्या जागी निरंकची एकच ओळ होती :

विचारणारा : निरंक. कोणाबद्दल : टेकचंद. उत्तर : आहो.

वेळ दिवेलागणीची. मी तेव्हा आंधळगावात पंचफुलाबाईचं मनगट धरून उभा होतो.

स्वाती दुसऱ्या दिवशी नागपूरहून आली, ती माझं तोंड बघूनच घाबरली. डबी उघडून पाहिली, पुसली, फुंकली. "उंदीर असंन काका. उंदरानं दाबलं असंन."

"असेल," मी म्हटलं. उंदीर का होईना, माझ्या वतीने कोणी तरी आहो म्हणालं.

नंतर तिने सगळं नीट केलं. निरंक हा शब्द दोन्हीकडून काढून टाकला. आता बटण दाबलं नाही तर 'अजून उत्तर नाही, फोन करा' असं येतं. विचारणारा माणूस फोनवर स्वतः बोलल्याशिवाय त्याचं नाव घेतलंच जात नाही. पंचफुलाबाईची खुशाली मी विचारतो. माझी ती विचारते. तिच्यासाठी स्वातीने नवी सोय केली आहे. बटण दाबून धरलं की माझ्या डबीचा दिवा लागतो, मी दाबलं की तिच्याकडे एकदा हिरवा उजेड येतो. मंगळवारी मी बाजाराला जातो. मागावर तिने पुन्हा सूत चढवलंय. धागा नीट दिसत नाही, पण बोटांना आठवतं म्हणते. गावात लोक काय बोलतात ते मला माहीत आहे. या वयात बोलतात हेच पुष्कळ.

तर झालं एवढंच. गेल्या मंगळवारी मात्र तिने चहा देता देता विचारलं.

"बाबू, एक सांगा. तुमचा दिवा दोनदा कायले लागते जी?"

"दोनदा?"

"रोज. मी इचारलं का पयले झटकन लागते. मंग थोड्या वेळानं दुसऱ्यांदा. तुमी दोनदा दाबता का?"

मी एकदाच दाबतो. आणि मला खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जायला वेळ लागतो, गुडघे धरतात. म्हणजे दुसरं माझं. पहिल्याबद्दल मी तिला काही सांगितलं नाही. स्वातीलाही नाही. ती पुन्हा उंदराचं नाव घेईल, आणि घरात उंदीर नाही, आणि डबी शेवंताबाईच्या सांजवातीच्या फळीवर आहे, हे मला माहीत आहे.

बघा, स्वयंपाकघरात हिरवा उजेड पडला. पंचफुलाबाई विचारते आहे. बसा तुम्ही, दिवा असू द्या तुमच्याजवळच, मला वाट पाठ आहे. दाबून येतो.

तसं पहिलं 'आहो' एव्हाना गेलंही असेल.